तापलेले आभाळ, न निवणारे शहर

मे २०१० मध्ये गुजरातमधील अहमदाबाद शहरात उन्हाळा नेहमीपेक्षा कडक होता. त्या महिन्यात तेथील पारा ४६.८ अंश सेल्सिअसपर्यंत चढला. शहरात पूर आला नव्हता, भूकंप झाला नव्हता, एखादी इमारतही कोसळली नव्हती. बाजार भरत होते, कचेऱ्या चालू होत्या. आपल्या शहरावर एक मोठी आपत्ती ओढवली आहे, याची जाणीव फारशी कोणास नव्हती.

पुढे संशोधकांनी शहराच्या मृत्युनोंदी तपासल्या, तेव्हा त्या महिन्याचा खरा हिशेब समोर आला. मे २०१० मध्ये अहमदाबादेत ४,४६२ मृत्यू झाले होते. २००९ आणि २०११ या वर्षांतील मे महिन्यांच्या आधारे अपेक्षित संख्या ३,११८ होती. म्हणजे एका महिन्यात १,३४४ माणसे अधिक दगावली. वाढ सुमारे ४३ टक्क्यांची. एरवी मे महिन्यात दिवसाला शंभराच्या आसपास मृत्यू नोंदविणाऱ्या या शहरात २१ मे या एकाच दिवशी ३१० मृत्यू झाले.

यांपैकी बहुतेकांच्या मृत्यूच्या दाखल्यावर 'उष्माघात' हा शब्द नव्हता. कोणाचे हृदय बंद पडले, कोणाचे मूत्रपिंड निकामी झाले, कोणाचा जुना दमा बळावला. उष्णतेची लाट ही अशी आपत्ती आहे की ती आपली खूण मागे ठेवीत नाही. म्हणूनच ती समजून घेणे अगत्याचे आहे. ही लाट कशी निर्माण होते, हवामानबदलाने ती तीव्र का होते, शहरांची वाढ तिच्यात कोणती भर घालते आणि या सर्वांवर काही उपाय आहे काय, या प्रश्नांची उत्तरे अहमदाबादच्या अनुभवातून बऱ्याच अंशी मिळतात.

उष्णतेची लाट म्हणजे काय?

उन्हाळ्यात ऊन असणारच. मग 'लाट' केव्हा म्हणावयाचे? भारतीय हवामानशास्त्र विभागाने याचे निकष ठरविलेले आहेत. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असावे आणि ते त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी किंवा त्याहून अधिक वाढलेले असावे, म्हणजे उष्णतेची लाट मानली जाते. ही वाढ ६.४ अंशांच्या पलीकडे गेली की ती तीव्र लाट ठरते. सरासरी काहीही असो, पारा ४५ अंशांवर गेला की लाट आणि ४७ अंशांवर गेला की तीव्र लाट, असाही एक निकष आहे. किनारपट्टीवर मात्र ३७ अंशांचे तापमानदेखील सरासरीहून पुरेसे अधिक असल्यास लाट मानले जाते. या फरकाचे कारण पुढे स्पष्ट होईल.

अशी लाट येते ती बहुधा मार्च ते जून या काळात. वातावरणाच्या वरच्या थरांत उच्च दाबाचे क्षेत्र एखाद्या प्रदेशावर ठाण मांडून बसते. त्या क्षेत्रातील हवा सावकाश खाली उतरते. खाली येताना ती दाबली जाते आणि दाबली गेल्यामुळे तापते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे नळकांडे गरम होते, तसाच हा प्रकार. उतरणाऱ्या हवेमुळे ढग तयार होत नाहीत आणि ऊन विनाअडथळा जमिनीवर पडत राहते. त्यातच वायव्येच्या वाळवंटी प्रदेशाकडून कोरडे, उष्ण वारे वाहू लागतात. उत्तर व पश्चिम भारतात त्यांना 'लू' म्हणतात.

जमिनीतील ओलाव्याचाही यात मोठा वाटा असतो. जमीन ओली असेल तर उन्हाची पुष्कळशी ऊर्जा पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. जमीन कोरडी असेल तर तीच ऊर्जा हवा तापविण्याच्या कामी येते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. दिवेलागणीपूर्वी अंगणात पाणी शिंपडण्याची रीत आणि माठातील पाणी गार ठेवण्याची युक्ती या दोहोंमागे हेच तत्त्व आहे.

आरंभीची शिल्लकच वाढली

उच्च दाबाची क्षेत्रे पूर्वीही येत आणि लू पूर्वीही वाहत असे. मग हवामानबदलाने नेमके काय केले? बँकेच्या परिभाषेत सांगावयाचे तर त्याने तापमानाच्या खात्यातील आरंभीची शिल्लकच वाढवून ठेवली आहे. लाट आपल्या पद्धतीने येते आणि आपली भर घालते. परंतु ती भर आता मुळातच वाढलेल्या रकमेवर पडते.

औद्योगिक क्रांतीपूर्वी वातावरणातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दशलक्ष भागांत सुमारे २८० भाग इतके होते. कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू यांच्या वापरामुळे आणि जंगलतोडीमुळे ते २०२४ पर्यंत ४२० भागांच्या वर गेले. हा वायू सूर्यप्रकाशास आत येऊ देतो, मात्र जमिनीतून बाहेर जाणारी उष्णता अडवून धरतो. परिणामी २०११ ते २०२० या दशकातील जगाचे सरासरी तापमान १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत सुमारे १.१ अंशांनी अधिक राहिले. भारताच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढले. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे वर्ष तोपर्यंतचे सर्वांत उष्ण ठरले.

एखाद्या अंशाची वाढ किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु सरासरी थोडी सरकली तरी टोकाच्या घटना फार मोठ्या प्रमाणात वाढतात. वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याची उंची दोन इंच वाढली, तर वर्गाचे एकंदर रूप फारसे बदलत नाही. परंतु सहा फुटांहून उंच मुलांची संख्या मात्र कित्येक पटींनी वाढते. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ मधील अहवालाने हे गणित मांडले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील हवामानात दहा वर्षांतून सरासरी एकदा येणारी तीव्र उष्णतेची घटना त्या अहवालाच्या काळापर्यंत दहा वर्षांत २.८ वेळा येऊ लागली होती. जगाचे तापमान दोन अंशांनी वाढल्यास ती ५.६ वेळा येईल, असा त्या अहवालाचा अंदाज आहे.

याचा प्रत्यय २०२२ मध्ये आला. त्या वर्षीचा मार्च महिना १९०१ पासूनचा देशातील सर्वांत उष्ण मार्च ठरला. वायव्य भारतात गव्हाचा दाणा भरण्याच्या ऐन वेळी उष्मा वाढल्याने उत्पादनास फटका बसला आणि मे महिन्यात गव्हाच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. अशी लाट येण्याची शक्यता हवामानबदलामुळे सुमारे ३० पटींनी वाढली होती, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने काढला. अहमदाबादेतही २० मे २०१६ रोजी पारा ४८ अंशांवर गेला आणि तेथील शंभर वर्षांपूर्वीचा, १९१६ मधील उच्चांक मोडला गेला.

शहर का निवत नाही?

आता शहराचा विचार करू. शहर सभोवतालच्या खेड्यांपेक्षा उबदार असते, ही गोष्ट लंडनमधील ल्यूक हॉवर्ड या हवामान-निरीक्षकाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच नोंदवून ठेवली होती. या प्रकारास आज 'नागरी उष्णता बेट' असे म्हटले जाते. त्याची कारणे चार सांगता येतील.

पहिले कारण पाण्याचे. माती, तळे, शेत आणि झाड यांच्याकडून पाण्याची वाफ होत असते आणि ती हवेतील उष्णता शोषून घेते. शहरात या साऱ्यांची जागा डांबर, काँक्रीट व फरश्या घेतात. पावसाचे पाणी गटारातून वाहून जाते आणि ऊन पडते ते कोरड्या पृष्ठभागावर.

दुसरे कारण साठवणुकीचे. काँक्रीट, वीट, दगड आणि डांबर दिवसभर उष्णता साठवितात आणि सूर्यास्तानंतर ती सावकाश परत करतात. रात्री नऊ वाजता भिंतीला हात लावला तर ती गरम लागते, ती त्यामुळेच.

तिसरे कारण रचनेचे. मोकळ्या रानातील जमीन रात्री आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडते. अरुंद रस्त्याच्या दुतर्फा उंच इमारती असतील तर भिंतीतून निघालेली उष्णता आकाशाकडे न जाता समोरच्या भिंतीवर पडते. वाराही अडतो.

चौथे कारण माणसाने निर्माण केलेल्या उष्णतेचे. वाहने, कारखाने आणि वातानुकूलन यंत्रे ती सतत बाहेर टाकीत असतात. वातानुकूलन यंत्र उष्णता नाहीशी करीत नाही. ते ती खोलीतून उचलून रस्त्यावर टाकते आणि स्वतः वापरलेल्या विजेची उष्णता वर आणखी मिळविते. एका घरास मिळालेल्या गारव्याची किंमत अशा रीतीने खिडकीबाहेरील फेरीवाला चुकवीत असतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. पश्चिम भारतातील कोरड्या भागांत मे महिन्याच्या भर दुपारी शहराबाहेरचे उघडे, पीक नसलेले शेत काही वेळा शहराहूनही अधिक तापलेले आढळते, कारण शहरात निदान बागा, रस्त्याकडेची झाडे आणि इमारतींची सावली असते. परंतु सूर्य मावळला की चित्र पालटते. उघडे शेत झपाट्याने निवते, शहर मात्र निवत नाही. म्हणजे शहराचा खरा उपद्रव दुपारपेक्षा रात्री अधिक जाणवतो. भारतातील १४१ शहरांच्या २००३ ते २०२० या काळातील उपग्रह-नोंदींचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. या शहरांतील जमिनीचे रात्रीचे तापमान दर दशकाला सरासरी अर्ध्या अंशाहून थोडे अधिक वाढत असून शहरीकरणाने त्या वाढीत सुमारे ६० टक्क्यांची भर घातली आहे, असे त्यात आढळले.

अहमदाबादच्या जुन्या भागातील 'पोळ' या वस्त्यांची रचना येथे पाहण्यासारखी आहे. अरुंद गल्ल्यांत घरे एकमेकांस चिकटून उभी असल्याने ती परस्परांवर सावली धरतात. घरांच्या मध्यभागी चौक असतो, त्यातून गरम हवा वर निघून जाते. भिंती जाड, खिडक्या लाकडी, अंगणाखाली पावसाच्या पाण्याची टाकी. २०१७ मध्ये युनेस्कोने या जुन्या शहरास जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्याच शहराची हद्द २००० नंतरच्या दशकात सुमारे १९० चौरस किलोमीटरवरून ४६४ चौरस किलोमीटरपर्यंत विस्तारली आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ५५ लाखांच्या पुढे गेली. नव्या वस्त्यांतून पत्र्याची छपरे आली, काचेच्या दर्शनी भिंती आल्या. चौक आणि सावली मागे पडली.

शरीराची थकबाकी

माणसाच्या शरीराचे अंतर्गत तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावे लागते. बाहेरची हवा त्वचेहून उष्ण झाली की शरीर निववण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. विदर्भातील कोरड्या हवेत माठातील पाणी गारेगार होते, तेच कोकणातील दमट हवेत तितके होत नाही. शरीराचेही तसेच आहे. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर घाम निथळतो, पण वाळत नाही. किनारपट्टीसाठी लाटेचा निकष ३७ अंश का, याचे उत्तर यात आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या एका समारंभानंतर १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. त्या दिवशी नजीकच्या हवामान केंद्रावर पारा ४० अंशांच्या आतच होता.

दिवसभर उष्णतेशी झुंजताना शरीर एक प्रकारचे कर्ज अंगावर घेते. हृदयाला त्वचेकडे अधिक रक्त पाठवावे लागते, पाणी व क्षार कमी होतात, मूत्रपिंडांवर ताण येतो. हे कर्ज फेडण्याची वेळ म्हणजे रात्र. रात्री हवा गार झाली, शांत झोप लागली, की शरीर पूर्वपदावर येते. परंतु रात्रही तापलेली राहिली तर परतफेड होत नाही आणि दुसऱ्या दिवसाचे कर्ज पहिल्याच्या थकबाकीवर चढते. लाट तीन-चार दिवस टिकली की दुबळे हृदय, थकलेले मूत्रपिंड, म्हातारे शरीर अथवा तान्हे मूल यांची सहनशक्ती संपते. लाटेच्या पहिल्या दिवसापेक्षा पुढचे दिवस अधिक घातक ठरतात, ते यामुळे.

हवामानबदल आणि शहराची वाढ यांची घातक युती होते ती येथेच. हवामानबदल दिवसाचे कर्ज वाढवितो आणि शहर रात्रीची परतफेड रोखून धरते. हा भार सर्वांवर सारखा पडत नाही. हवामान केंद्रातील तापमापक सावलीत, हवेशीर पेटीत ठेवलेला असतो. पत्र्याच्या छपराखाली एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाचे तापमान त्या पेटीत नोंदले जात नाही. २००३ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसे उष्णतेने दगावली, त्यांतही छपरालगतच्या खोल्यांत राहणाऱ्या वृद्धांना धोका अधिक असल्याचे आढळले. अहमदाबादेतील एका रुग्णालयात २०१० मध्ये उष्णतेचा त्रास झालेली नवजात बालके मोठ्या संख्येने अतिदक्षता कक्षात दाखल झाली. त्या रुग्णालयाचा प्रसूती कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, थेट तापलेल्या गच्चीखाली होता. पुढे तो खालच्या मजल्यावर हलविण्यात आला आणि अशा बालकांचे प्रमाण लक्षणीय रीतीने घटले. यास कोणतेही नवे यंत्र लागले नाही, केवळ कक्षाची जागा बदलावी लागली.

एका शहराने घेतलेला धडा

२०१० च्या अनुभवानंतर अहमदाबाद महापालिकेने गांधीनगर येथील भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्था आणि इतर तज्ज्ञ संस्थांच्या साहाय्याने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा अमलात आणला. दक्षिण आशियातील अशा प्रकारचा तो पहिलाच आराखडा मानला जातो. त्यातील उपाय साधे आहेत. येत्या काही दिवसांच्या तापमानाचा अंदाज घेऊन पिवळा, नारिंगी व लाल अशा इशाऱ्यांची व्यवस्था करण्यात आली. ४५ अंश वा त्याहून अधिक तापमानाचा अंदाज असल्यास लाल इशारा दिला जातो. इशारा निघताच कोणत्या खात्याने काय करावयाचे, हे आधीच ठरलेले असते. रुग्णालये बर्फ व क्षारद्रावण सज्ज ठेवतात, ठिकठिकाणी पिण्याच्या पाण्याची सोय होते, बागा दुपारी खुल्या ठेवल्या जातात आणि भ्रमणध्वनीवरून संदेश पाठविले जातात. उष्माघाताची लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण डॉक्टर व आरोग्यसेवकांना दिले जाते.

या आराखड्याचा उपयोग झाला काय? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने २०१४ व २०१५ या वर्षांतील मृत्यूंची आधीच्या वर्षांशी तुलना केली. दर वर्षी सरासरी सुमारे १,१९० मृत्यू टळले असावेत, असा त्याचा अंदाज आहे. २०१० च्या मे महिन्यात दगावलेल्या अधिकच्या माणसांची संख्या १,३४४ होती, हे आठवले म्हणजे या अंदाजाचे मोल ध्यानात येते. पुढे देशातील अनेक शहरांनी व राज्यांनी असे आराखडे तयार केले. महाराष्ट्रात नागपूरने २०१६ मध्ये यात पुढाकार घेतला.

इशारा हा तातडीचा उपाय झाला. शहर निववण्याचे उपाय मात्र छपरापासून सुरू होतात. पांढऱ्या चुन्याचा अथवा प्रकाश परावर्तित करणाऱ्या रंगाचा लेप दिलेले छप्पर उन्हाचा मोठा भाग परत पाठविते आणि खालची खोली काही अंशांनी गार राहते. अहमदाबादच्या गरीब वस्त्यांत महिला हाउसिंग ट्रस्ट या संस्थेने असे काम केले आहे. तेलंगण राज्याने २०२३ मध्ये 'शीतल छप्पर' धोरण जाहीर करून सरकारी व व्यापारी इमारतींसाठी ते बंधनकारक केले. झाडे व तळी यांचे काम याहून मोठे असले तरी त्यांना वेळ लागतो आणि झाडाला उन्हाळ्यात पाणीही द्यावे लागते. म्हणूनच असलेले जुने झाड तोडून त्याच्या जागी दहा रोपे लावणे हा सौदा उन्हाळ्याच्या हिशेबात बऱ्याच वर्षांपर्यंत तोट्याचाच असतो.

उष्णतेचा आर्थिक हिशेब

उष्णता आरोग्याइतकीच कमाईही हिरावून घेते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ मधील अहवालाने भारतातील कामाच्या तासांपैकी ५.८ टक्के तास २०३० पर्यंत उष्णतेमुळे वाया जातील, असा अंदाज वर्तविला. ही हानी ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांइतकी होते. बांधकामावरील मजूर, भाजीविक्रेती, कचरावेचक, मिठागरातील कामगार यांच्या बाबतीत हा हिशेब फारच सरळ आहे. दुपारी काम थांबविले तर त्या दिवसाची मजुरी बुडते आणि काम चालू ठेवले तर जीव धोक्यात येतो.

या पेचातून वाट काढण्याचा एक प्रयत्न 'सेवा' या संस्थेने केला आहे. इला भट यांनी १९७२ मध्ये अहमदाबादेत असंघटित क्षेत्रातील महिलांसाठी ही संघटना उभी केली आणि १९७४ मध्ये त्याच महिलांच्या भांडवलावर सेवा बँक स्थापन झाली. या संघटनेने २०२३ मध्ये आपल्या सभासदांसाठी उष्णतेचा विमा सुरू केला. २०२४ मध्ये गुजरात, राजस्थान व महाराष्ट्र या राज्यांतील सुमारे ५० हजार महिला त्यात सामील होत्या. या विम्यात नुकसानीची पाहणी नसते, पंचनामा नसतो. तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की रक्कम सभासदाला मिळते. त्या उन्हाळ्यात ४६ हजारांहून अधिक महिलांना अशी रक्कम मिळाली. रक्कम मोठी नव्हती, परंतु दुपारचे काही तास सावलीत बसण्याची मोकळीक तिने दिली. ज्या महिलेचे स्वतःच्या नावाने बँकेत खाते असते, तिच्यापर्यंत अशी मदत विनाविलंब पोहोचू शकते. बचत खात्याचा हा उपयोग सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

घरी आणि शाखेत

हवामानबदल रोखणे हे राष्ट्रांचे काम आहे आणि शहराची आखणी हे महापालिकांचे. तरीही लाटेच्या चार दिवसांत माणूस वाचतो तो घरातील, शेजारातील आणि कामाच्या जागेवरील लहानशा दक्षतेने. त्या दृष्टीने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

• तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. ताक, पन्हे, लिंबू सरबत अथवा जलसंजीवनी यांनी पाण्याबरोबर क्षारही मिळतात. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

• दुपारी १२ ते ३ या वेळेत उन्हातील श्रमाची कामे टाळावीत. जाणे भागच असेल तर डोके झाकावे आणि सैल, फिकट रंगाचे सुती कपडे वापरावेत.

• वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी गच्चीस पांढरा लेप द्यावा. दिवसा उन्हाच्या बाजूच्या खिडक्यांचे पडदे लावावेत आणि रात्री खिडक्या उघडाव्यात. वृद्धांची व बाळांची झोपण्याची जागा लाटेच्या काळात खालच्या अथवा गार खोलीत हलवावी.

• एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ शेजाऱ्याची दिवसातून दोनदा विचारपूस करावी. सकाळी एकदा आणि रात्री एकदा.

• अंग अतिशय तापणे, बोलण्यात असंबद्धता येणे, झटके किंवा बेशुद्धी ही उष्माघाताची लक्षणे होत. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत रुग्णास सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे व वारा घालावा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

बँकेच्या शाखेतही यांपैकी काही गोष्टी सहज करता येतात. निवृत्तिवेतनाच्या दिवसांत ज्येष्ठ ग्राहकांची रांग दाराबाहेर उन्हात जाऊ नये, प्रवेशाजवळ पिण्याचे पाणी व बसण्यास दोन बाकडी असावीत आणि सुरक्षारक्षकाची खुर्ची सावलीत असावी. सत्तर वर्षांवरील ग्राहकांना घरपोच मूलभूत सेवा देण्याच्या सूचना रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच दिलेल्या आहेत. उन्हाळ्यात त्यांची आठवण ग्राहकांनी ठेवावी आणि कर्मचाऱ्यांनी करून द्यावी. वसुलीसाठी अथवा तपासणीसाठी बाहेर जाणाऱ्या सहकाऱ्यांच्या भेटी सकाळच्या वेळेत ठरविल्या तर कामही होते आणि प्रकृतीही राहते.

येत्या काळात उन्हाळे सौम्य होतील, अशी आशा बाळगण्यास आधार नाही. वातावरणात साठलेला कार्बन डायऑक्साइड फार सावकाश कमी होतो आणि शहरे वाढतच राहणार आहेत. परंतु वाढणाऱ्या उष्णतेबरोबर मृत्यूही वाढलेच पाहिजेत, असा काही निसर्गनियम नाही. हवामानाचा अंदाज आज कित्येक दिवस आधी मिळतो. कोणाला धोका आहे आणि तो कोणत्या छपराखाली राहतो, हेही ठाऊक असते. एका रुग्णालयाने आपला प्रसूती कक्ष खालच्या मजल्यावर आणला आणि तेथील बालकांना होणारा त्रास घटला. प्रत्येक घरात, प्रत्येक कचेरीत असा एखादा वरचा मजला असतो आणि तेथे कोणीतरी राहत असते. उन्हाळा तोंडावर येण्यापूर्वी त्याची चौकशी करणे, हे काम मात्र पुढे ढकलण्यासारखे नाही.